खिसे रिकामे आहेत

"असा डाग अजून जन्माला यायचाय, जो या हातानं निघाला नाही," लाँड्रीवाला काउंटरवर तळहात आपटून म्हणाला. "गंज, शाई, रक्त, डांबर. तुम्ही फक्त नाव घ्या. डाग माझ्याकडे बघूनच अर्धा फिका पडतो."

समोर पडदेवाल्या काकू उभ्या होत्या. या बाई लाँड्रीत पडद्यांशिवाय दुसरं काहीच आणत नसत. त्यांच्या घरात नुसत्या खिडक्याच असाव्यात, असा दुकानात सगळ्यांचा समज होता. आज त्यांच्या पडद्याला ग्रीस लागलं होतं आणि ते शेजारणीनं मुद्दाम पुसलंय, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

"मागच्या खेपेला डाग काढलात, पण त्याच्याबरोबर पडद्यावरची फुलंही काढलीत," काकू म्हणाल्या.

"फुलांचा रंग कच्चा होता, काकू. त्याला मी काय करू?"

हा संवाद चालू होता तेव्हा मागच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या ढिगाऱ्यावर, त्याची आठ वर्षांची मुलगी अंगात ताप घेऊन पडली होती आणि तिच्या पोटावर लाल ठिपके उठत होते. फक्त ते अजून कुणी बघितले नव्हते.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी उभं राहणं तिला जमतच नसे. वाळत घातलेल्या चादरींमधून गरगर फिरत जायचं, मध्येच एखादी अंगाभोवती गुंडाळून घ्यायची आणि इस्त्री करणाऱ्या आत्याच्या शिव्या खायच्या, हा तिचा रोजचा उद्योग. ही आत्या म्हणजे लाँड्रीवाल्याची थोरली बहीण, अक्का. अक्काची इस्त्री जितकी गरम, तितकीच जीभ. फरक इतकाच की इस्त्रीला बंद करायचं बटण होतं.

दुकानात कायदा एकच होता. खिसे आधी. कपडा आला की पहिल्यांदा खिसे उलटे करायचे, मग बाकीचं. गिऱ्हाईक काय म्हणतं तिकडे लक्ष द्यायचं नाही, कारण गिऱ्हाईक नेहमी एकच म्हणतं, "खिसे रिकामे आहेत हो." आणि त्या रिकाम्या खिशातून काय काय निघायचं? किल्ल्या, खिळे, वितळलेलं चॉकलेट. एकदा तर कवळी निघाली. ती परत करायला गेल्यावर ते गृहस्थ ओठ घट्ट मिटून, नुसती मान हलवून म्हणाले की ही माझी नव्हे.

"लोक खोटं बोलतात असं नाही," लाँड्रीवाला बायकोला समजावून सांगायचा. "त्यांना मनापासून वाटत असतं की काही नाही. म्हणून तर आपण बघायचं. एक पेन आत राहिलं की मशीनचा अख्खा ड्रम निळा."

हे तत्त्वज्ञान फक्त दुसऱ्यांच्या खिशांना लागू होतं.

महिनाभरापूर्वी गावात साथ होती. जीवघेणी वगैरे नव्हती, खोकला, ताप, नाक गळणं, दोन दिवसांत माणूस पुन्हा कामाला. पण लोक घाबरले होते. चौकातल्या दुसऱ्या लाँड्रीचा मालक एकदा गिऱ्हाइकाच्या कोटावर शिंकला. एकच शिंक, तीही छोटी. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दुकानात माशीसुद्धा फिरकेना. आणि त्याच आठवड्यात भिंगरीला खोकला लागला. मग आईला, मग अक्काला, शेवटी खुद्द लाँड्रीवाल्याला.

त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि घरातल्यांना मशीनभोवती जमवलं.

"आपल्या घरात कुणाला काहीही झालेलं नाही," त्यानं जाहीर केलं. नाक गळत असल्यामुळे ते भाषण फार भारदस्त वाटलं नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," अक्कानं दुजोरा दिला आणि पदरात शिंकली.

मग तालीम झाली. कुणी शिंकलं आणि गिऱ्हाइकानं विचारलं तर काय म्हणायचं? साबणाची पावडर नाकात गेली. डोळे लाल का? ब्लीचचा वास. भिंगरी चार दिवस शाळेत का नव्हती? पाय मुरगळला. त्यासाठी शाळेत गेल्यावर तिनं लंगडायचं, असंही ठरलं. भिंगरीला हे फार आवडलं. ती मन लावून लंगडली. अडचण एवढीच झाली की सकाळी डावा पाय दुखायचा आणि मधल्या सुट्टीनंतर उजवा. पण बाकी तिची उत्तरं अशी पाठ झाली की झोपेतून उठवून विचारलं तरी ती म्हणाली असती, मला सर्दी झालीच नव्हती.

दोन दिवसांत सगळे बरे झाले. गिऱ्हाईक एक तुटलं नाही. लाँड्रीवाला स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला की काही दिवसांनी त्याला स्वतःलाही खरंच वाटायला लागलं, आपल्या घरात काही झालंच नव्हतं.

आणि आता महिन्यानंतर हा ताप.

पोटावरचे ठिपके पहिल्यांदा बायकोनं बघितले. तिनं हाक मारली तसा लाँड्रीवाला पडदे तिथेच टाकून आत गेला. त्यानं भिंगरीला खिडकीपाशी उजेडात नेलं, फ्रॉक वर केला आणि डोळे बारीक केले. दुसरा कुणी बाप घाबरला असता. हा विचार करायला लागला की रंग कुठला असावा.

"हॉटेलचे लाल टेबलक्लॉथ आलेत ना, त्यांच्या गाठोड्यावर झोपली असणार," तो म्हणाला. "कच्चा रंग आहे. घामानं उतरलाय."

"अहो, अंग भाजतंय तिचं."

"म्हणून तर घाम आला."

त्यानं मऊ फडकं ओलं केलं आणि डाग कडेनं आत पुसायला घेतला, कारण मधून बाहेर पुसला तर डाग पसरतो. डाग हलला नाही. मग त्यानं ग्लिसरीन काढलं. पण धंद्याचा नियम असा की नवं काही लावायचं तर आधी कुणाला दिसणार नाही अशा जागी थेंब टाकून बघायचा. त्यानं भिंगरीच्या कानामागे थेंब टाकला आणि थांबला.

"अहो," बायको म्हणाली, "ती पोरगी आहे. पायजमा नाही."

संध्याकाळपर्यंत डोळे लाल झाले. चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लाल. अक्का म्हणाली ब्लीच. दुसऱ्या दिवशी ओठ लाल होऊन फुटले आणि जीभ अशी दिसायला लागली की जणू पोरीनं रंगाची डबी चाटलीय. लाँड्रीवाल्यानं दुकानातल्या सगळ्या डब्या तपासल्या. एकही उघडलेली नव्हती. पण तो डबीवरच बसून राहिला, म्हणजे विचारानं. आपण वापरतो त्यातलंच काहीतरी पोरीच्या अंगात गेलंय, आपल्याच हातानं हे झालंय, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. आणि असं वाटलं की माणूस डॉक्टरकडे पळत नाही, आधी झाकतो. त्यानं तापाचं औषध पाजलं. ताप उतरला, पुन्हा चढला. पुन्हा पाजलं. पुन्हा चढला.

मग भिंगरीचं पोट दुखायला लागलं. खाल्लेलं पोटात ठरेना. आणि त्याहून वाईट म्हणजे ती हलेनाशी झाली. चादरी वाळत होत्या, वारा सुटला होता, आणि त्यांच्यामधून कुणी फिरत नव्हतं. अक्का इस्त्री करता करता दोनदा थांबली, सवयीनं शिवी द्यायला तोंड उघडलं आणि बघितलं तर समोर कुणीच नाही.

"ऊठ," बायको नवऱ्याला म्हणाली. एरवी ती त्याला अहोजाहो करायची. त्या दिवशी विसरली. "गाडी बोलव. नाहीतर मी तिला पाठीवर घेऊन चालत जाते."

हॉस्पिटलात मुलांच्या विभागात लांबलचक खोली होती आणि दोन खाटांच्या मध्ये पडदे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घाईनं बांधलेले, आवाज शांत. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशाखाली बोराएवढा निळा डाग होता. बॉलपेनचा, जुना, कुणीतरी गरम पाण्यानं धुऊन पक्का केलेला. इतक्या काळजीतही लाँड्रीवाल्याची नजर तिथे गेलीच. देवानं एकेकाचे डोळे असे बनवलेले असतात.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचे डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबलं. भिंगरी कळवळली. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"मूठ कर बघू, बेटा."

भिंगरीनं प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. हात मनगटापासून फुगले होते, हवा भरलेल्या रबरी हातमोज्यासारखे. अक्कानं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. या वेळी शिंक नव्हती.

नर्सनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. डॉक्टरीणबाईंनी आकडा ऐकला आणि पुन्हा घ्यायला सांगितला. दुसऱ्यांदाही तोच आला असावा, कारण त्यांचं बोलणं अचानक थोडं भराभर झालं.

"ताप किती दिवस?"

"झाले असतील चारपाच," बायको म्हणाली.

"आता नीट आठवून सांगा. गेल्या महिना-दीड महिन्यात हिला सर्दी, खोकला, ताप असं काही? ती साथ होती तेव्हा? किंवा घरात दुसऱ्या कुणाला?"

याच वेळी शेजारच्या पडद्याआडून एक ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. पाठोपाठ आवाज आला, "अरे, हलू नकोस. नाकात मणी घालताना बरा हलला नाहीस." पडदेवाल्या काकू. नातवाला घेऊन आल्या होत्या. गावातले इतके पडदे सोडून नेमक्या या पडद्यामागे.

लाँड्रीवाल्यानं पडद्याकडे बघितलं.

"छे," तो म्हणाला. "आमच्या घरात साधी शिंकसुद्धा नाही."

"साबणाची पावडर जाते कधीकधी नाकात," अक्का म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तालीमच तशी पक्की झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीकडे बघितलं. "काय गं? खोकला झाला होता तुला?"

भिंगरीचे डोळे मिटलेले होते. फुटलेल्या ओठांनी, धडा म्हणावा तसं ती म्हणाली, "मला सर्दी झालीच नव्हती. माझा पाय मुरगळला होता." थोडं थांबून तिनं भर घातली, "डावा."

डॉक्टरीणबाई दोन पावलं बाजूला गेल्या आणि नर्सशी बोलल्या. लाँड्रीवाल्याला तुकडे ऐकू आले. पोट कडक आहे. सर्जनना बोलवा. आतडं असू शकतं. ऑपरेशनची तयारी ठेवा. मग त्या परत आल्या आणि सरळ त्याच्याशी बोलल्या.

"मी तुम्हाला स्पष्ट सांगते. हे पोटातलं असेल तर पोट उघडावं लागेल. पण हिचे डोळे, जीभ, हात बघून मला दुसरीच शंका येत होती. काही मुलांना असा संसर्ग होऊन जातो, अगदी साधा, आणि मूल बरं होतं. मग काही आठवड्यांनी शरीर उगाच पेटतं. रोगाशी लढायला उठलेली फौज घरी जातच नाही, आपल्याच घरात तोडफोड करते. आतडी सुजतात, रक्तवाहिन्या सुजतात, हृदयसुद्धा. त्याचा इलाज अगदी वेगळा आहे. पण आधी संसर्ग झालेलाच नसेल तर माझी शंका चुकीची. रक्ताची तपासणी पाठवते, पण तिचं उत्तर यायला उद्या उजाडेल."

"आणि उद्यापर्यंत?" बायकोनं विचारलं.

"उद्यापर्यंत थांबण्यासारखी तिची अवस्था नाही. म्हणून तर विचारतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठवा. काहीच नव्हतं?"

बायको नवऱ्याकडे बघत होती. लाँड्रीवाला डॉक्टरीणबाईंच्या खिशाखालच्या डागाकडे बघत होता, आणि त्याला काउंटरवरची माणसं दिसत होती. एकामागून एक. हसतमुख, सभ्य, चांगल्या घरातली, आणि प्रत्येकाचं तेच. खिसे रिकामे आहेत हो. घाला तुम्ही मशीनमध्ये.

"रिकामे नाहीत," तो म्हणाला.

"काय?"

"खिसे. रिकामे नाहीत, बाई."

डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे बघितलं. बापाला धक्का बसला की असं होतं, हे त्यांना माहीत असावं. त्यांनी त्याला पाणी द्यायला सांगितलं.

"पाणी नको," लाँड्रीवाला म्हणाला, आणि आता त्याचा आवाज काउंटरवरचा झाला, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "झाला होता. हिला झाला होता. खोकला, ताप, सगळं. महिना होऊन गेला. मग हिच्या आईला, मग अक्काला, मग मला. घरात सगळ्यांना झाला आणि मी सगळ्यांना खोटं बोलायला लावलं. पाय मुरगळलाच नव्हता. ना डावा, ना उजवा."

पडद्याआडचं खाकरणं बंद झालं. इतकी शांतता पसरली की नातवाच्या नाकातला मणी ट्रेमध्ये पडल्याचा टण आवाज सगळ्यांनी ऐकला.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण तेवढ्यापुरतंच. त्या नर्सकडे वळल्या होत्या. "सर्जनना येऊ देत, पण आधी हृदयाची सोनोग्राफी. आत्ता."

एका लहान खोलीत भिंगरीच्या छातीवर जेल लावून दुसरे एक डॉक्टर मशीनच्या पडद्यावर बघत होते. लाँड्रीवाल्यानंही बघितलं. काळ्या-पांढऱ्या धुरात काहीतरी मुठीएवढं आकसत होतं आणि सुटत होतं, दमल्यासारखं, नको नको म्हणत. त्याला त्यातलं काही कळलं नाही. तरी डोळे हलले नाहीत, कारण आपण नजर काढली तर ते थांबेल असं त्याला वाटलं.

हृदय थकलं होतं. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी थोडी फुगली होती. सर्जन आले, पोट तपासून म्हणाले की कापायचं काही कारण दिसत नाही, आणि निघून गेले. त्या माणसाच्या पाठमोऱ्या कोटाला लाँड्रीवाल्यानं मनातल्या मनात हात जोडले. कोटाच्या मागे चहाचा डाग होता.

भिंगरीला आतल्या खोलीत नेलं, जिथे मशीनं होती आणि आईबापांपैकी एकालाच बसता यायचं. हाताच्या सुईतून औषध थेंबाथेंबानं सोडलं. नर्सनं सांगितलं की हे हजारो माणसांच्या रक्तातून गोळा केलेलं असतं.

"कोणाच्या?"

"कोणाच्याही. अनोळखी लोकांच्या."

लाँड्रीवाल्यानं बाटलीकडे बघितलं. त्या हजारात किती जणांनी खरं सांगितलं असेल, असा एक घाणेरडा विचार त्याच्या डोक्यात आला. नर्सनं तो चेहऱ्यावर वाचला असावा. "सगळं तपासलेलं असतं," ती म्हणाली.

बायको आणि तो पाळीपाळीनं बसले. बाहेरच्या बाकावर अक्का होती. घरी जा म्हटलं तर जाईना. दुकान बंद, कपडे पडून. बायको बाहेर आली की बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि नवऱ्याशी बोलायची नाही. तिनं त्याला एकदाही "तुमच्यामुळे" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं, नेहमीप्रमाणे चुकीचं.

नर्सनं थोडा वेळ दोघांनाही बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा शेवटी तोच म्हणाला, "बोल की काहीतरी."

"काय बोलू? मीही गप्पच बसले ना." ती भिंतीकडे बघत होती. "तुम्ही खोटं बोललात. मी तुमच्याकडे बघत बसले. डॉक्टर पोरीचं पोट फाडायला निघाले होते आणि मी वाट बघत होते की नवरा काय म्हणतो."

अक्का मधेच म्हणाली, "आणि मी पावडर."

कुणी हसलं नाही.

ताप दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. लाँड्रीवाल्यानं तो उतरलाय यावर विश्वास ठेवला नाही. संध्याकाळीही चढला नाही, तेव्हा त्यानं डॉक्टरीणबाईंना दारात गाठलं.

"निघेल ना, बाई? ते नळीचं?"

"तो डाग नाही हो. सूज आहे. उतरते. बहुतेक मुलांची उतरते."

"आणि उरलेल्यांची?"

डॉक्टरीणबाईंनी गोड काही सांगितलं नाही, आणि नंतर पुष्कळ दिवस तो याच गोष्टीसाठी त्यांना मानत राहिला.

"म्हणून पुन्हा पुन्हा बघायचं," त्या म्हणाल्या. "रोज एक छोटी गोळी, रक्त गोठू नये म्हणून. पळायचं नाही, उड्या नाहीत, निदान काही महिने. कसं जमवता बघा. नाव भिंगरी आहे म्हणे."

घरी आल्यावर त्यानं दुकानाचं शटर आधी अर्धंच वर केलं. काकूंनी सगळं ऐकलं होतं. म्हणजे एव्हाना सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार, आणि काही भाग काकूंनी स्वतःच्या मनानं वाढवलाही असणार. दोन दिवस दुकानात कुणी आलं नाही. लाँड्रीवाला काउंटरमागे बसून होता आणि भिंगरी त्याच्या शेजारी उंच स्टुलावर, पाय लोंबकळत ठेवून. तिच्या बोटांची टोकं सोलत होती, कातडीचे पापुद्रे निघत होते. ते पहिल्यांदा दिसल्यावर त्यानं सगळं ब्लीच उचलून मागच्या अंगणात नेलं होतं. मग फोनवर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे याच आजाराचं आहे, या टप्प्यावर होतंच, ब्लीच पुन्हा आत ठेवा.

तिसऱ्या दिवशी पडदेवाल्या काकू आल्या. हातात पडदा नव्हता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"काय झालं होतं हिला, नीट सांगा," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "आधी ताप, मग काय? डोळे? की ठिपके?"

"का हो, काकू?"

काकूंनी मागे वळून बघितलं. "आमच्या नातवालाही झाला होता. त्या वेळी. आम्ही सांगितलं नाही."

"मग शाळेत काय सांगितलंत?"

"पाय मुरगळला म्हणून."

त्यानंतर एकेक करून सगळी गल्ली आली. हातात एखादा नावाला शर्ट, आणि काउंटरवर वाकून कुजबुज. आमच्याकडेही. दोघांनाही. आजोबांपासून सुरुवात झाली हो. त्या एका महिन्यात निम्म्या मुलांचे पाय मुरगळले होते आणि शाळेत कुणाला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. लाँड्रीवाला प्रत्येकाला तेच सांगत राहिला. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला, डोळे लाल झाले, पोट दुखलं, अंगावर पुरळ आलं, तर थांबू नका, आणि विचारतील ते सगळं खरं सांगा. लोक मान हलवायचे. जाताना म्हणायचे, "हे आपल्यातच ठेवा." मग शर्ट काउंटरवर ठेवायचे आणि सवयीनं सांगायचे, "खिसे रिकामे आहेत."

खिसे तपासायचं काम आता भिंगरीकडे होतं. बसून करता येईल असं दुकानात तेवढं एकच काम होतं. ती ते कडकपणे करायची. एकदा वकिलाच्या कोटातून तिनं अर्धा लाडू काढला, लाडूच्या बाजूनं निकाल दिला आणि तो मुंग्यांना देऊन टाकला. पण मध्येच तिचे पाय स्टुलावर हलायला लागायचे, कंबर वळायची, आणि मग सगळ्या घराचा जीव खालीवर व्हायचा. "बस," तिघंही एकदम म्हणायचे. ती बसायची. चादरी वाऱ्यावर एकट्याच फिरायच्या.

दुसऱ्या सोनोग्राफीला गेले तेव्हा नळीची सूज कमी होती. गेलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, इथे इतकी होती, आता इतकी. पुढच्या महिन्यात पुन्हा या. गोळी चालू. पळणं बंद.

लाँड्रीवाल्याची नजर कोटाच्या वरच्या खिशाखाली गेली. मग त्यानं विचारलं, "कोट देता का, बाई?"

"काय?"

"तो डाग. पहिल्या दिवसापासून बघतोय मी. तुम्हाला मी दुसरं काय देणार? एवढं काढून देतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. कोट काढून त्याच्या हातात देताना म्हणाल्या, "हा नाही निघायचा. बऱ्याच जणांनी करून बघितलंय."

"असा डाग अजून जन्माला," त्यानं सुरुवात केली, आणि पुढचं बोलला नाही.

"खिसे रिकामे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुकानात पोचेपर्यंत भिंगरी गाडीतच झोपली होती. त्यानं तिला उचलून चादरींच्या ढिगावर ठेवलं. कोट हातात घेऊन तो क्षणभर उभा राहिला. खिसे तिचं काम होतं, पण तिला उठवावंसं वाटेना. तिच्या छातीकडे बघत राहिला, ती वर होत होती, खाली होत होती, नीट. त्याचं डोकं त्या नळीतच अडकलं होतं, इतकी होती, आता इतकी. आणि डॉक्टरीणबाई कशाला खोटं बोलतील, असंही त्याला वाटलं. त्यानं डागावर स्पिरिट लावलं, कडेनं आत पुसलं आणि हॉटेलचे पांढरे टेबलक्लॉथ चालले होते त्यांच्यातच कोट टाकून मशीन सुरू केलं.

पेन आतल्या खिशात होतं. टेबलक्लॉथ निळे निघाले, सगळे. कोटावरचा जुना डाग आता दिसत नाही. कोट पूर्ण निळा आहे.